मानवी भिंत आणि इतिहासाचा वाद : ‘घाशीराम कोतवाल’च्या प्रयोगाचा दृश्यात्मक विचार

प्रास्ताविक

मराठी नाटकाचा इतिहास बहुतांशी नाटककारांचा व त्यांच्या छापील संहितांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. किर्लोस्कर, देवल, खाडिलकर, गडकरी अशी नाटककारांची परंपरा सांगितली जाते. प्रयोगाचा विचार येतो तो प्रामुख्याने नटांच्या आत्मचरित्रांतून आणि आठवणींतून. महाविद्यालयीन अभ्यासक्रमांतही नाटक हे कथा-कादंबरीप्रमाणे वाचावयाचे पुस्तक म्हणूनच नेमले जाते. ज्या नाटकाचा मुख्य आशय संवादांत सामावलेला आहे, त्याच्या बाबतीत या पद्धतीने फारसे बिघडत नाही. परंतु ज्या प्रयोगाचा युक्तिवादच रंगमंचावरील माणसांच्या रचनेतून मांडला जातो, त्याच्या बाबतीत ही पद्धत अपुरी पडते. विजय तेंडुलकर यांचे ‘घाशीराम कोतवाल’ हे याचे ठळक उदाहरण होय. या नाटकावर गेल्या पन्नासहून अधिक वर्षांत विपुल लेखन झाले. तथापि त्यातील मोठा भाग ‘नाना फडणीस तसे होते काय?’ या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला. प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर प्रत्यक्ष काय घडत होते, हा प्रश्न मागे पडला. प्रस्तुत लेखात त्या अंगाने या प्रयोगाचा व त्यावरील वादाचा विचार केला आहे.

घटना आणि नाटक

घाशीराम सावळदास ही ऐतिहासिक व्यक्ती आहे. सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात, नाना फडणीस कारभारी असताना, तो पुण्याचा कोतवाल होता. ऑगस्ट १७९१ मध्ये दक्षिणेसाठी पुण्यात आलेले काही तेलंगी ब्राह्मण त्याच्या लोकांनी कोंडून ठेवले आणि त्यांतील अनेकांचा गुदमरून मृत्यू झाला. मृतांची संख्या साधनांत वेगवेगळी दिली आहे. घटनेबद्दल मात्र दुमत नाही. शहरात मोठा प्रक्षोभ झाला. घाशीरामास ब्राह्मणांच्या स्वाधीन करण्यात आले आणि दगडांनी ठेचून त्याचा वध झाला. हे प्रकरण लोकांच्या स्मरणात दीर्घकाळ राहिले. मोरोबा कान्होबा यांनी ‘घाशीराम कोतवाल’ याच नावाचे पुस्तक १८६३ मध्ये, म्हणजे तेंडुलकरांच्या शंभराहून अधिक वर्षे आधी लिहिले होते.

तेंडुलकरांनी या घटनेचा सांगाडा घेतला आणि त्यात स्वतःचे कथानक घातले. कनौजहून पोट भरण्यासाठी आलेला घाशीराम पुण्यात चोरीच्या आळाने अपमानित होतो, सूड घेण्याची प्रतिज्ञा करतो, आपली मुलगी गौरी नानांना देतो आणि त्या मोबदल्यात कोतवाली मिळवितो. या देवघेवीला ऐतिहासिक साधनांचा भक्कम आधार नाही आणि तसा दावा नाटककारानेही केला नाही. हे ऐतिहासिक नाटक नव्हे, विशिष्ट सामाजिक परिस्थितीतून घाशीराम निर्माण होतात आणि ती परिस्थिती एका काळाची वा एका स्थळाची नसते, अशी त्यांची भूमिका होती. १९७० च्या सुमारास महाराष्ट्राच्या राजकारणात जे घडत होते, सत्ताधारी आपल्या सोयीसाठी ज्या शक्ती उभ्या करीत होते, त्याकडे तेंडुलकरांचे लक्ष होते, हे आता सर्वमान्य आहे.

भिंतीची रचना

‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने सादर केला. दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेल यांचे, संगीत भास्कर चंदावरकर यांचे आणि नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची होती. नानांच्या भूमिकेत डॉ. मोहन आगाशे, घाशीरामाच्या भूमिकेत रमेश टिळेकर आणि सूत्रधार श्रीराम रानडे होते. ही नावे सर्वत्र नोंदली गेली आहेत. मात्र या प्रयोगात सर्वाधिक काळ रंगमंचावर जे उभे होते, त्यांचा उल्लेख सामान्यतः एका शब्दात होतो : ‘भिंत’.

सुमारे बारा ब्राह्मण एका ओळीत प्रेक्षकांकडे तोंड करून उभे राहतात, गातात आणि डुलतात. नाटकाचा आरंभ गणेशवंदनेने होतो, गणपती नाचत येतो, सरस्वती व लक्ष्मी येतात. कोकणातील नमन-खेळे आणि दशावतार पाहिलेल्या प्रेक्षकाला ही सुरुवात ओळखीची आहे. विष्णुदास भावे यांच्या ‘सीतास्वयंवर’पासून (१८४३) मराठी रंगभूमीनेही ती वापरली होती. वास्तववादी दिवाणखान्याचा नेपथ्यसंच रूढ झाल्यावर तिने हा वारसा टाकून दिला. तो येथे परत आला. पण तो लोककलेबद्दलच्या कौतुकापोटी आला असे म्हणणे चुकीचे ठरेल. त्या काळी लोकनाट्याचा आधार घेणे ही भारतभरच्या रंगभूमीवरील एक फॅशन होऊ पाहत होती आणि तीत पुष्कळ वरवरचेही होते. ‘घाशीराम’मध्ये लोकरूपाला निश्चित काम दिलेले आहे.

ते काम कोणते, हे भिंतीच्या हालचाली पाहिल्यावर कळते. ओळ प्रेक्षकांकडे तोंड करून उभी असते तेव्हा ती पुण्यनगरी असते, भजन करणारा समाज असते. ओळ पाठ फिरविते तेव्हा तीच माणसे पडदा होतात आणि त्या पडद्याआड जे चालते त्याच्याशी त्यांचा संबंध उरत नाही. ओळ मोडते तेव्हा तिच्यातून एकेक माणूस बाहेर पडतो. सूत्रधार त्याला हटकतो, तो देवळाचे नाहीतर कीर्तनाचे निमित्त सांगतो आणि बावनखणीच्या वाटेला लागतो. काम आटोपले की तो पुन्हा ओळीत येऊन उभा राहतो आणि त्याचा चेहरा पुन्हा सर्वांसारखा होतो. नाटकाचा बराचसा आशय या ये-जा करण्यातच आहे. कीर्तनाची चाल लावणीत मिसळते आणि लावणी पुन्हा नामस्मरणात जाते. चंदावरकरांच्या संगीताने जे कानांना सांगितले, तेच मुळगुंदांच्या हालचालींनी डोळ्यांना सांगितले. ढोंग या शब्दाचा उच्चार कोणी केला नाही तरी चालले असते, इतके ते दृश्य स्वयंपूर्ण होते.

आणखी एक बाब महत्त्वाची आहे. घाशीरामाचा छळ करणारे, त्याच्या हाती छळले जाणारे आणि शेवटी त्याच्या रक्तासाठी ओरडणारे, असे तिन्ही गट याच ओळीतून निघतात. चोरीच्या संशयावरून परक्या ब्राह्मणाला झोडपणारी माणसे आणि पुढे तशाच संशयावरून तापलेला लोखंडी गोळा हातावर घ्यावा लागणारा ब्राह्मण यांत वेशाचा फरक नाही. वाचताना हे वेगवेगळे प्रवेश वाटतात, पात्रांची नावे वेगळी छापलेली असतात. प्रयोगात मात्र तीच शरीरे पुनःपुन्हा समोर येतात. त्यामुळे गुन्हेगार, बळी आणि बघे यांची विभागणी प्रेक्षकाला मनाशी करता येत नाही. १७९१ च्या घटनेचा विचार करणाऱ्या इतिहासकारालाही हा मुद्दा उपयोगी पडावा. घाशीरामाची कोतवाली अनेक वर्षे चालली, ती केवळ नानांच्या शिक्क्यावर चालली काय, की शहरानेही ती सोयीस्करपणे चालू दिली? साधने या प्रश्नाचे उत्तर सहज देत नाहीत. भिंत तो प्रश्न सतत विचारीत राहते.

या रचनेला मर्यादा नाहीत असे नाही. गौरीचा व्यापार भिंतीच्या आडून होतो, तिचा मृत्यूही जवळजवळ बातमीसारखा कळतो. स्त्रीला आवाज नसणे हे त्या समाजाचे चित्रण म्हणून समर्थनीय ठरते. पण प्रयोगाच्या दृश्यरचनेतही तिला स्वतंत्र जागा मिळाली नाही, हे नोंदवावे लागते. नृत्य आणि संगीताची मोहिनी इतकी जबरदस्त होती की, अनेक प्रेक्षक क्रौर्यापेक्षा ठेकाच अधिक लक्षात ठेवून घरी गेले, असा आक्षेपही घेतला गेला. या आक्षेपात तथ्य आहे. मात्र शेवटच्या प्रवेशात, घाशीरामाच्या वधानंतर नाना उत्सवाचा आदेश देतात आणि सगळे पुन्हा नाचू लागतात, तेव्हा त्या मोहिनीचाच हिशेब मागितला जातो. ज्या ठेक्यावर प्रेक्षकाने सुरुवातीला मान डोलावली, त्याच ठेक्यावर आता एका खुनाचा निकाल साजरा होत असतो.

वाद आणि निवेदन

सुरुवातीच्या एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेनेच नाटक थांबविले. नानांसारख्या मुत्सद्द्याची बदनामी आणि ब्राह्मण समाजाची निंदा हे आक्षेपाचे दोन मुद्दे होते. संस्थेचे प्रमुख भालबा केळकर यांना प्रयोग चालू ठेवणे मान्य नव्हते. तरुण कलावंतांचा गट बाहेर पडला आणि २७ मार्च १९७३ रोजी थिएटर अकादमीची स्थापना झाली. जानेवारी १९७४ मध्ये या संस्थेने नाटक पुन्हा उभे केले आणि पुढे अनेक वर्षे चालविले. नाटक ज्यांनी थांबविले आणि ज्यांनी पुढे नेले ते सारे एकाच शहरातील, एकाच संस्थेत वाढलेले आणि बहुतांशी एकाच सामाजिक थरातील होते. ‘ब्राह्मणांविरुद्धचे नाटक’ या सोप्या वर्णनात ही गुंतागुंत हरवते.

वादाची भाषा पाहिली असता एक विसंगती लक्षात येते. आक्षेप घेणारे नानांचा बचाव करीत होते : त्यांचे राजकारण, त्यांची दूरदृष्टी, इंग्रजांना त्यांनी दिलेली टक्कर. समर्थन करणारे कलावंताच्या स्वातंत्र्याचा आणि ‘हे ऐतिहासिक नाटक नव्हे’ या भूमिकेचा आधार घेत होते. दोन्ही पक्ष संहितेतील नाना या पात्राबद्दल बोलत होते. प्रयोगात आरोपीच्या पिंजऱ्यात उभी होती ती बिननावाची ओळ. तिच्या वतीने मात्र कोणी वकीलपत्र घेतले नाही. कदाचित तिला ओळखणे अधिक अवघड होते. नाना दोनशे वर्षांपूर्वीचे होते. ओळीतील माणसे प्रेक्षागृहातल्या माणसांहून फारशी वेगळी दिसत नव्हती.

१९८० मध्ये नाटक युरोपच्या दौऱ्यावर निघाले तेव्हा विरोध पुन्हा उसळला. परदेशात मराठी इतिहासाची नाचक्की होईल, असे म्हटले गेले. प्रकरण न्यायालयापर्यंत पोहोचले आणि प्रयोगापूर्वी एक निवेदन वाचून दाखविण्याच्या तडजोडीवर मार्ग निघाला. नाना फडणीस हे थोर मुत्सद्दी होते आणि नाटकातील चित्रण ऐतिहासिक नाही, असा त्या निवेदनाचा आशय होता. हा उपाय सर्वस्वी शाब्दिक होता. नानांची बदनामी झाली असेल तर ती शब्दांनी भरून निघू शकते, या समजुतीवर तो आधारलेला होता. पण निवेदन वाचून झाल्यावर भिंत उभी राहत असे, आणि तिच्याबद्दल निवेदनात काही नव्हते. बर्लिनमधील प्रेक्षकाला नाना फडणीस कोण हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते, मराठी भाषा तर त्याला समजतच नव्हती. नम्रपणे गाणारी, वेळ येताच पाठ फिरविणारी आणि वेळ येताच ओरडणारी माणसांची ओळ मात्र त्या शहरात नव्याने समजावून सांगावी लागली नसणार.

साधनांचा प्रश्न

या प्रयोगाच्या अभ्यासकापुढील खरी अडचण साधनांची आहे. संहिता १९७३ पासून पुस्तकरूपाने उपलब्ध आहे. जयंत कर्वे व एलिनॉर झेलियट यांचा इंग्रजी अनुवाद १९८४ मध्ये आला. दोन्हींत भिंतीच्या सूचना आहेत. पण ‘ब्राह्मण पाठ फिरवितात’ ही कंसातील सूचना वाचणे आणि बारा पाठी एकदम समोर येणे यांतील अंतर वाचनाने भरून निघत नाही. १९७६ चा ‘घाशीराम कोतवाल’ हा चित्रपट हे या प्रयोगाचे चित्रण नव्हे. पुण्याच्या फिल्म संस्थेतून शिकून निघालेल्या तरुणांच्या युक्त फिल्म को-ऑपरेटिव्हची ती स्वतंत्र निर्मिती होती. मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप यांचा तीत सहभाग होता. पटकथा तेंडुलकरांचीच, नानाही मोहन आगाशेच. परंतु घाशीराम ओम पुरी यांनी केला आणि मांडणी चित्रपटाच्या गरजेनुसार बदलली. शिवाय कॅमेरा जवळ गेला की ओळीतील एकच चेहरा दिसतो आणि उरलेली ओळ चौकटीबाहेर राहते. रंगमंचावर ती सोय प्रेक्षकाला नव्हती. त्याला संपूर्ण ओळ सतत पाहावी लागत होती.

त्यामुळे छायाचित्रे, संगीताची नोंद आणि भिंतीत उभे राहिलेल्या कलावंतांच्या मुलाखती यांना या नाटकाच्या अभ्यासात संहितेइतकेच स्थान मिळणे आवश्यक आहे. कोणत्या तालावर पाठ फिरवायची, ओळीत दोघांमध्ये किती अंतर ठेवायचे, बाहेर पडलेला माणूस परतताना आपली जागा कशी ओळखत असे, या गोष्टी त्यांच्याच स्मरणात आहेत. पहिल्या प्रयोगाच्या वेळी विशीत असलेली ती पिढी आता सत्तरी ओलांडून गेली आहे.