एकच सांगाडा, तीन गाड्या : माझा कोसळलेला चॅप्टर

प्रबंधाचा पहिला चॅप्टर लिहायला घेतला तेव्हा माझ्याकडे एक छान गुळगुळीत वाक्य तयार होतं : 'एकाच प्लॅटफॉर्मवर अनेक गाड्या बनू लागल्या आणि अमेरिकन कूपेंचं वेगळेपण संपलं.' गाइडना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "वेगळेपण कधी संपलं?" म्हटलं, 1980 च्या दशकात. "आणि प्लॅटफॉर्म वाटून घेणं कधी सुरू झालं?" इथे मी अडकलो. कारण ते त्याच्या किमान वीस वर्षं आधीपासून चालू होतं. कारण वीस वर्षं आधी हजर आणि परिणाम मात्र बेपत्ता! चॅप्टर तिथेच आडवा झाला.

तुम्ही आत्ता विषयाचा आराखडा लिहीत असाल तर ही गोष्ट तुमच्यासाठी.

आधी दोन शब्द. 'पर्सनल कूपे' म्हणजे दोन दारांची, लांब बॉनेटची, ऐसपैस गाडी. कुटुंबासाठी नव्हे, रेसिंगसाठीही नव्हे, मालकाच्या हौसेसाठी. आणि प्लॅटफॉर्म म्हणजे वरून न दिसणारा सांगाडा : चॅसी, चाकांमधलं अंतर म्हणजे व्हीलबेस, आणि पुढची काच नि बॉनेट जिथे भेटतात तो आडवा पट्टा, ज्याला 'काउल' म्हणतात. हा पट्टा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. (आपल्याकडची बलेनो आणि ग्लान्झा डोळ्यांसमोर आणू नका. तिथे अख्खी गाडीच तीच, बदललाय तो मुख्यतः बिल्ला. आपला मामला त्याहून गुंतागुंतीचा आहे.)

माझी पहिली चूक म्हणजे मी तक्ता नावांवरून केला. फोर्ड थंडरबर्डचंच बघा. 1955 मध्ये ती दोन सीटची होती. रॉबर्ट मॅक्नमारा (हो, पुढे संरक्षणमंत्री झालेले तेच) तेव्हा फोर्ड विभाग सांभाळत होते. त्यांच्या आग्रहाने 1958 ची थंडरबर्ड चार सीटची झाली आणि खप 1957 च्या सुमारे 21 हजारांवरून जवळपास 38 हजारांवर गेला. 1972 मध्ये तीच थंडरबर्ड लिंकन मार्क 4 च्या सांगाड्यावर होती. 1977 मध्ये ती मध्यम आकाराच्या, स्वस्त एलटीडी 2 च्या सांगाड्यावर उतरली, किंमत हजारो डॉलर्सनी खाली आली आणि खप गेला तीन लाखांच्या वर. 1980 मध्ये आणखी लहान फॉक्स प्लॅटफॉर्म. म्हणजे 'थंडरबर्डचा इतिहास' असं म्हणताना मी नेमका कशाचा इतिहास लिहीत होतो? नाव एक, वस्तू पाच. मग नावांचा रकाना मागे ढकलला आणि प्लॅटफॉर्मचा पुढे आणला.

तेव्हा जनरल मोटर्सचा ई-बॉडी नावाचा सांगाडा नीट दिसला. 1963 ची ब्यूक रिव्हिएरा मुळात कॅडिलॅकसाठी म्हणून रेखाटली गेली होती. कॅडिलॅकला ती नको होती, ब्यूकने ती पदरात पाडून घेतली. पहिल्या वर्षी मुद्दाम 40 हजारच गाड्या काढल्या. 1966 मध्ये त्याच ई-बॉडी कुटुंबात ओल्ड्समोबिल टोरोनॅडो आली. 1937 च्या कॉर्डनंतर पुढच्या चाकांनी ओढली जाणारी ही पहिली अमेरिकन गाडी. डिझायनर डेव्हिड नॉर्थने रंगवलेलं मूळ चित्र याहून लहान गाडीचं होतं. पण खर्च वाचवण्यासाठी कंपनीने ती रिव्हिएराच्या मोठ्या सांगाड्यावर बसवायला लावली. पाठोपाठ 1967 ची कॅडिलॅक एल्डोराडो.

आता या तिघींचे फोटो शेजारी ठेवा. टोरोनॅडोचं छप्पर मागे सलग घसरत जातं, चाकांवरच्या कमानी फुगीर. एल्डोराडो कात्रीने कापल्यासारखी, कडा धारदार. रिव्हिएरा लवचिक, आणि तिला ढकलणारी चाकं मागची! व्हीलबेस बघाल तर पहिल्या दोघींचा 119 इंच, एल्डोराडोचा 120. रस्त्यावर बघून या बहिणी आहेत असं कोणी म्हणालं नसतं. माझं गुळगुळीत वाक्य इथे मेलं.

मग मी नवं वाक्य केलं : 'महागड्या गाड्यांनी आपसात सांगाडा वाटला तर चालतं, स्वस्त गाडीशी वाटला की घात होतो.' तेही टिकलं नाही. 1969 ची पॉन्टिअॅक ग्राँ प्री घ्या. जॉन डिलोरियनच्या कारकिर्दीतली ही गाडी मध्यम आकाराच्या साध्या पॉन्टिअॅकच्या सांगाड्यावर बेतलेली होती. तरी खप आदल्या वर्षीच्या सुमारे 32 हजारांवरून 1 लाख 12 हजारांवर! त्या घरातल्या चार दारांच्या गाडीचा व्हीलबेस 116 इंच, हिचा 118. वाढीव लांबी पडली काउलच्या पुढे. मागच्या सीटवर बसणाऱ्याला त्यातलं काहीच मिळालं नाही, ती सगळी बॉनेटला गेली. आणि मालक गाडीत बसून बघतो ते बॉनेटच.

म्हणजे प्रश्न 'सांगाडा वाटला का' हा नव्हताच. वाटून झाल्यावर उरलेले इंच कुठे खर्च केले, हा होता. तक्त्यात हा रकाना वाढवला आणि काम पुन्हा चालू झालं.

साधनांबद्दल एक सांगतो. कंपन्यांची ब्रोशर्स प्रत्येक गाडी जगावेगळी असल्याचं सांगतात. ब्रोशर्सचं कामच ते. अमेरिकेत भंगारातल्या गाड्यांचे सुटे भाग विकणारे मात्र हॉलंडर इंटरचेंज मॅन्युअल वापरत आलेत. कोणत्या गाडीचा कोणता भाग कोणत्या दुसऱ्या गाडीला बसतो, याची ती जाडजूड यादी. भंगारवाल्याला सौंदर्याशी देणंघेणं नसतं, काच बसली पाहिजे. माझ्या विषयासाठी याहून प्रामाणिक साक्षीदार मला अजून भेटलेला नाही. तुमच्या विषयातही असा कोणी 'भंगारवाला' असेल, तो शोधा.

आता 1986. तोच ई-बॉडी, त्याच तीन गाड्या. पेट्रोल महागच राहणार हे गृहीत धरून कंपनीने तिघींनाही आखडलं. व्हीलबेस 108 इंच, बॉनेट तोकडं, मागची काच जवळजवळ उभी. उधळायला जागाच उरली नाही. शिवाय वर्षभर आधी आलेल्या ब्यूक सॉमरसेटसारख्या लहान, स्वस्त गाड्याही अशाच दिसत. त्यांचा सांगाडा वेगळा होता बरं का! म्हणजे सांगाडा एक असून गाड्या वेगळ्या दिसल्या 1967 मध्ये, आणि सांगाडा वेगळा असून सारख्या दिसल्या 1986 मध्ये. रिव्हिएराचा खप सुमारे 65 हजारांवरून 22 हजारांवर आला, एल्डोराडोचा 76 हजारांवरून 21 हजारांवर. त्यातच त्या वर्षी पेट्रोल स्वस्त झालं. घसरणीत दिसण्याचा वाटा किती आणि पेट्रोलचा किती, हे मी अजून वेगळं काढतोय.

त्यासाठी सध्या तक्त्यातली एकच ओळ पुन्हापुन्हा बघतो. 1988 मध्ये रिव्हिएराचा खप नऊ हजारांच्याही खाली गेला होता. 1989 साठी ब्यूकने तिची लांबी 11 इंचांनी वाढवली, मुख्यतः मागच्या चाकांच्या मागे. खप 21 हजारांच्या वर गेला. प्लॅटफॉर्म तोच होता, आणि व्हीलबेसही तोच, 108 इंच.