पाळणा आणि पाटी

शाहूवाडी हा कोल्हापूर जिल्ह्याचा पश्चिमेकडील डोंगरी तालुका. आंबा घाटाकडे जाणारा रस्ता, विशाळगडाचे कडे, कडवी नदीच्या कांठचें मलकापूर आणि रानांतून विखुरलेले धनगरवाडे, एवढें सांगितलें म्हणजे त्या मुलखाचें चित्र वाचकांच्या डोळ्यांपुढें उभें राहील. विशाळगडाचें नांव निघालें कीं आम्हांस बाजीप्रभूंचें स्मरण होतें, आणि तें योग्यच आहे. परंतु इतिहास केवळ खिंडी लढविणाऱ्यांचाच असतो असें नाहीं. आषाढांत पाऊस कोसळत असतां गुडघाभर चिखलांत भाताचें रोप लावावयास गेलेल्या आईचें तान्हें मूल दिवसभर कोणाजवळ असतें, हाहि इतिहासाचाच प्रश्न होय.

पूर्वीं याचें उत्तर घरांतच होतें. आजी असली तर आजी, नसली तर थोरली बहीण. सात-आठ वर्षांच्या पोरीनें कडेवर भावंड घेऊन दिवस काढावा, यांत कोणास कांहीं वावगें वाटत नसे. पुढें १९१७ सालीं शाहू छत्रपतींनीं करवीर संस्थानांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें, आणि मूल शाळेंत न धाडणाऱ्या पालकांस दंड ठरविला. त्या काळीं हें धाडस केवढें होतें, तें सांगावयास नकोच. परंतु कोणताहि शिक्षणाचा कायदा शाळेच्या वयाच्या मुलास पाहतो. पाळण्यांतलें मूल त्याच्या दृष्टीबाहेर राहतें. बहिणीच्या हातीं पाटी द्यावी तर पाळणा कोणीं हलवावा? आमच्या मतें सक्तीच्या शिक्षणाची खरी अडचण शाळेंत नसून या पाळण्यापाशीं होती.

ती अडचण ज्यांनीं प्रत्यक्ष पाहिली त्यांत ताराबाई मोडक यांचें नांव प्रथम घेतलें पाहिजे. भावनगर येथें गिजुभाई बधेका यांच्यासह बालशिक्षणाचे प्रयोग केल्यावर, १९४५ सालीं त्यांनीं ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें खेड्यांतील मुलांसाठीं काम आरंभिलें. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढें १९५७ सालीं हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. गरिबांचीं मुलें बालवाडींत येत नाहींत, असें दिसतांच बालवाडीच त्यांच्या अंगणांत नेण्याचा मार्ग या बाईंनीं काढला, आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द रूढ झाला. ज्या शब्दानें आज सारा देश या संस्थेस ओळखतो, तो मराठी खेड्याच्या अंगणांतला आहे, ही गोष्ट आम्हांस अभिमानाची वाटते.

सरकारनें हें काम अंगावर घेतलें तें २ ऑक्टोबर १९७५ रोजीं. एकात्मिक बालविकास सेवा योजना त्या दिवशीं देशांतील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. पूरक आहार, शाळापूर्व शिक्षण, मातांस आरोग्य व आहार यांचें शिक्षण, लसीकरण, आरोग्यतपासणी आणि आजारी मुलास दवाखान्यांत पाठविणें, अशा सहा सेवा तींत आल्या. यांतील शेवटच्या तीन आरोग्यखात्याच्या साहाय्याविना होऊंच शकत नाहींत. म्हणजे अंगणवाडीची सेविका महिला व बालविकास खात्याची, लस टोंचणारी परिचारिका आरोग्यखात्याची, जागा बहुधा ग्रामपंचायतीची, आणि पुढची शाळा शिक्षणखात्याची! मूल एकच, पण त्याच्याभोंवतीं दप्तरें चार. ‘एकात्मिक’ हा शब्द कागदावर लिहिणें सोपें. तो वजनकांट्याजवळ उभा करणें कठीण. सेविकेच्या वहींत मुलाचें वजन घटलेलें दिसावें आणि दवाखान्यांत त्याचा पत्ताहि नसावा, असें झालें तर दोन्ही खातीं निर्दोष आणि मूल मात्र दोषी ठरतें.

डोंगरी मुलखांत याला आणखी एक गोष्ट आडवी येते. ती म्हणजे अंतर. लोकसंख्येच्या मापानें अंगणवाडी मंजूर व्हावयाची, तर दहा-वीस घरांच्या वाडीनें काय करावें? म्हणून डोंगरी भागांसाठीं माप शिथिल झालें, आणि १५० ते ३०० वस्तीसाठीं लहान अंगणवाडीची सोय निघाली. पुढें १३ डिसेंबर २००६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें असा आदेश दिला कीं, ज्या वस्तींत सहा वर्षांखालील निदान ४० मुलें आहेत व अंगणवाडी नाहीं, तेथील लोकांनीं मागणी केल्यास तीन महिन्यांत ती मिळालीच पाहिजे. कृपा संपून हक्क सुरू झाला तो येथें. तथापि ज्या धनगरवाड्यांत चाळीस मुलेंच नाहींत, त्याचा प्रश्न न्यायालयाच्या आंकड्यानेंहि पुरता सुटत नाहीं.

खातीं एकत्र आलीं तर काय घडतें, याचा दाखला महाराष्ट्रानेंच घालून दिला. २००५ सालीं औरंगाबादेस (आतांचें छत्रपति संभाजीनगर) राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन निघालें. नवी नोकरशाही उभी न करतां, असलेल्या खात्यांस एका टेबलाशीं बसविणें आणि गर्भापासून दोन वर्षांपर्यंतच्या पहिल्या हजार दिवसांवर लक्ष देणें, हें त्याचें धोरण. दोन वर्षांखालील खुरटलेल्या मुलांचें प्रमाण २००५-०६ च्या पाहणींत शेंकडा ३९ होतें. तें २०१२ च्या पाहणींत शेंकडा २३ च्या आसपास आलें. पण हर्षानें हुरळून जाण्याचें कारण नाहीं. पांच वर्षांखालील मुलांचें तेंच प्रमाण २०१५-१६ मध्यें ३४.४, तर २०१९-२१ मध्यें ३५.२ निघालें. एकदां जमलेला मेळ आपोआप टिकत नाहीं, हाच याचा बोध.

आणखी एक उणीव राहते. अंगणवाडी कांहीं तासांची. आईचें काम मात्र उजाडल्यापासून मावळेपर्यंत. आहार, लस आणि गाणीं यांनंतरचा दिवस अजून बहुधा त्याच थोरल्या बहिणीच्या कडेवर येऊन पडतो. पाळणाघराची योजना कागदोपत्रीं नाहीं असें नाहीं. २००५ च्या रोजगार हमी कायद्यानें कामावर पांच लहान मुलें असतील तर त्यांना सांभाळण्यास बाई नेमावी असें म्हटलें होतें. परंतु स्वतःच्या शेतांत, पावसांत राबणाऱ्या आईस असा कायदाहि नव्हता.

तात्पर्य, शाहू छत्रपतींनीं आरंभिलेलें कार्य अर्धें झालें आहे. पाटी दाराशीं आली. पाळण्याची जबाबदारी अजून वांटून घ्यावयाची आहे. शाहूवाडीच्या एखाद्या वाडीवर लावणीच्या दिवसांतहि थोरली मुलगी निश्चिंतपणें शाळेंत बसलेली दिसेल, तेव्हांच १९१७ चा तो कायदा पुरता अंमलांत आला असें आम्ही म्हणूं.