कायद्याचे तास आणि मागाचे तास

मनुष्याने दिवसाचे किती तास दुसऱ्याच्या कामास द्यावेत, हा प्रश्न दिसावयास साधा आहे. परंतु त्याचे उत्तर द्यावयाचे कोणी? सूर्याने, मालकाने, कायद्याने, की मजुराच्या पोटाने? या चारही उत्तरांची ओळख ज्या गावाला पटली, ते गाव म्हणजे ठाणे जिल्ह्यातील भिवंडी.

एकोणिसाव्या शतकात उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांनी भिवंडीत हातमाग मांडले. माग घरातच असे. पुरुष धोटा फेकी, बायका व मुले कांड्या भरीत. आणि त्या कांड्यांचे तास कोणी मोजीत नसे. ते दिवस सुखाचे होते असे मानण्याचे कारण नाही. तथापि विणकराचा हात थकला म्हणजे माग थांबे, एवढी सवलत त्या यंत्राच्या रचनेतच होती.

ती सवलत प्रथम हिरावली गेली ती मुंबईस. १८५४ साली कावसजी दावर यांनी कापडाची गिरणी काढली आणि हळूहळू परळची चिमणी कोकणच्या व देशावरच्या खेड्यांतील माणसे ओढू लागली. वाफेला थकवा ठाऊक नव्हता. गिरण्या दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत चालत. त्यामुळे हिवाळ्यापेक्षा उन्हाळ्यात मजुराचा दिवस मोठा होई. १८८१ साली पहिला फॅक्टरी अॅक्ट झाला, पण त्याने केवळ मुलांकडे पाहिले. सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, एवढेच त्याने सांगितले. या कायद्यामागे दया होती, तशी मुंबईच्या स्वस्त कापडाने धास्तावलेल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांची ओढही होती.

मोठ्या माणसांचा कैवार घेतला तो 'दीनबंधु'कार नारायण मेघाजी लोखंडे यांनी. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवून मागण्या मांडल्या. आठवड्यातून एक रविवार सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, आणि काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच! आज या मागण्या वाचताना त्यांच्या लहानपणाचेच नवल वाटते. तरीही रविवारची सुटी मिळावयास १८९० सालचा जून महिना उजाडावा लागला. पुढच्याच वर्षी नव्या कायद्याने स्त्रियांचा दिवस अकरा तासांचा ठरविला.

इतक्यात गिरण्यांत विजेचे दिवे लागले आणि सूर्यास्ताची मर्यादाही संपली. १९०५ च्या तेजीत काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या. त्यावर चौकशी झाली, आणि १९११ च्या कायद्याने कापडगिरणीतील प्रौढ पुरुषाच्या दिवसाला प्रथमच बारा तासांचे कुंपण घातले. पुढची उतरण सरळ आहे. १९२२ साली आठवड्याला साठ तास, १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत चोपन्न, १९४६ साली अठ्ठेचाळीस. आणि स्वतंत्र हिंदुस्थानच्या १९४८ च्या कायद्याने तेच अठ्ठेचाळीस तास कायम केले. सहा दिवसांचे बहात्तर तास पस्तीस वर्षांत अठ्ठेचाळीसवर आले. कागदावर पाहता ही मोठीच प्रगती होय.

पण कायदा तास मोजण्यापूर्वी माणसे मोजतो. १९४८ च्या कायद्याने विजेवर चालणाऱ्या जागेत दहा मजूर असले म्हणजेच तिला सामान्यतः कारखाना म्हटले. एका मजुराने चार-सहा माग सांभाळावयाचे, एकाच छपराखालचे माग निरनिराळ्या नावांवर मांडावयाचे, मग दहाची संख्या भरते कशी? भिवंडीचा हातमाग जाऊन यंत्रमाग आला तो असा, कायद्याच्या उंबरठ्याच्या अलीकडे बसला. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या सावरल्या नाहीत. कापड मात्र विणावयाचे राहिले नाही. ते भिवंडीस आले, आणि मोडीत निघालेले गिरण्यांचे जुने मागही त्याच्याबरोबर आले. अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा तेवढा मुंबईसच राहिला.

भिवंडीच्या मागावर पाळी बारा तासांची पडली. एक दिवसाची, एक रात्रीची. हा आकडा नेमका १९११ च्या कायद्याचा आहे! मजुरी तासावर नाही, विणलेल्या मीटरवर. वीज गेली म्हणजे माग थांबतो, मजुरी थांबते. मजुराचा दिवस तेवढा चालूच राहतो. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण येथून आलेली ही माणसे बिशी नावाच्या खानावळीत जेवतात, आणि एकाच खोलीत पाळीपाळीने झोपतात. सारा दोष लहान मालकावर टाकणेही न्यायाचे होणार नाही. अनेकदा सूत व्यापाऱ्याचे, कापडही त्याचेच, आणि मालकाच्या हाती येते ती केवळ विणाईची मजुरी. मीटरचा दर त्यालाही बांधतो.

यास्तव देशातील श्रमाचे तास घटले की वाढले, हे सांगताना सावध असावे. एकूण श्रम म्हणजे माणसांची संख्या गुणिले प्रत्येकाचे तास. ज्या वहीत अठ्ठेचाळीस लिहिले जाते त्या वहीतील माणसे कमी झाली आणि वहीबाहेरची वाढली, तर आकडा उतरूनही श्रम चढलेले असू शकतात. २०२० च्या श्रमसंहितेने विजेच्या कारखान्यासाठी दहाऐवजी वीस माणसांची अट घातली व २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलात आली. म्हणजे उंबरठा आणखी उंच झाला.

लोखंड्यांच्या काळी मजुराने मागितले होते ते सूर्यास्तानंतरचे आपले आयुष्य. ते त्याला मिळाले की नाही, याचा निर्णय कायद्याच्या पुस्तकात पाहून लागणार नाही. भिवंडीत संध्याकाळी पाळी बदलते, एक मनुष्य मागापुढून बाजूला होतो आणि दुसरा तेथे उभा राहतो, माग थांबत नाही. उत्तर तेथे शोधावे लागेल.