सरासरीच्या खाली तो उपाशी?

मंडळी, इथं नंदनवनात आपण सरासरी आणि प्रमाण विचलन शिकतोय. या दोन आकड्यांवरून पुण्यात मोठा वाद झाला होता. १९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी माणशी रोज २२५० कॅलरींची गरज धरून दारिद्र्य मोजलं. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांची हरकत अशी, की ही तर सरासरी गरज! धडधाकट माणसांतही जवळपास निम्म्यांची गरज त्याहून कमीच असणार. त्यांना उपाशी कसं म्हणायचं? सरासरीतून दोन प्रमाण विचलनं वजा करा आणि तिथं रेषा ओढा. दांडेकरांना ते पटलं नाही. रेषा खाली सरकली की कागदावरचे उपाशी कमी होतात, ताटातली भाकरी मात्र तेवढीच राहते. म्हणून सरासरी ऐकली की आपण दोन प्रश्न विचारू: आकडे किती विखुरलेत, आणि रेषा कुणी ओढली?