लिनक्स-प्रणालीवरील खेळ : सुलभता आणि स्वाधीनता

अखिल भारतीय चरखा संघाने १९२९ साली सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले, तेव्हा घातलेल्या अटींत केवळ सुताच्या उत्पादनाचे माप नव्हते. यंत्र खेड्यातील झोपडीत हाताने वा पायाने चालावे, त्याची किंमत दीडशे रुपयांवर जाऊ नये, अल्प खर्चाच्या देखभालीने ते वीस वर्षे टिकावे, असा आग्रह त्यांत होता. सर्व अटी पुऱ्या करणारे यंत्र मिळाले नाही. पुढे १९३६ मध्ये गांधीजी वर्ध्यानजीकच्या शेगावी, म्हणजे १९४० पासूनच्या सेवाग्रामी, राहावयास आले. आणि १९३७ च्या वर्धा परिषदेतून निघालेल्या नयी तालीमने याच प्रश्नाला शिक्षणाचे अंग जोडले. मुलाने तकली नुसती फिरवावयाची नव्हती. तिची घडणही समजून घ्यावयाची होती. साधन सोपे असणे आणि ते आपल्या ताब्यातले असणे, या दोन भिन्न गोष्टी होत. लिनक्सवर खेळ खेळणे सोपे की अवघड, या वरकरणी क्षुल्लक प्रश्नाचा इतिहास या भेदाच्या प्रकाशात पाहिला असता बराच बोलका होतो.

लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला व १९९२ मध्ये तो ग्नू सार्वजनिक परवान्याखाली आणला. त्याची मूळ संहिता कोणीही वाचावी, बदलावी व इतरांस द्यावी, अशी मुभा त्यामुळे मिळाली. परंतु बाजारातील खेळ लिहिले जात ते प्रथम डॉससाठी व १९९५ नंतर मुख्यतः विंडोजसाठी. चित्र, ध्वनी व कळफलक यांकरिता खेळ कार्यप्रणालीकडे ज्या मागण्या करतो, त्या विंडोजच्या भाषेत असत. तेव्हा अडचण लिनक्सच्या सामर्थ्याची नव्हती. अडचण परभाषेची होती. ‘डूम’ हा गाजलेला खेळ १९९४ सालीच लिनक्सवर आला होता. डिसेंबर १९९७ मध्ये त्याची संहिता खुली करण्यात आली ती लिनक्स-आवृत्तीची, कारण डॉस-आवृत्तीतील ध्वनीचा भाग परक्या मालकीचा होता. उसन्या भागाने बांधलेली वस्तू दान करावयाची म्हटली तरी करता येत नाही, असा हा मासला आहे.

या अडचणीवर दोन मार्ग निघाले. पहिला, खेळच लिनक्ससाठी नव्याने बांधण्याचा. १९९८ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या लोकी सॉफ्टवेअरने तो चोखाळला, आणि २००२ च्या प्रारंभी दिवाळे निघून ती संस्था बंद पडली. ग्राहक थोडे होते, आणि त्यांतील पुष्कळांजवळ विंडोजही होतेच. तथापि तेथील सॅम लँटिंगा यांनी रचलेला एस.डी.एल. हा साहाय्यक संग्रह मागे राहिला व आजही असंख्य खेळांत वापरला जातो.

खेळ आणि खुली संहिता यांचा महाराष्ट्रातील एक योग येथे नोंदविण्याजोगा आहे. २००७ साली रायगड जिल्ह्यातील खैराट येथील एकशिक्षकी शाळेत ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या प्रकल्पाचे छोटे संगणक देण्यात आले. ते लिनक्सवर चालत, आणि त्यांच्या कळफलकावर मूळ संहिता दाखविण्यासाठी एक निराळी कळ योजिलेली होती. ती प्रत्यक्षात अपुरीच चालली. पण योजनेमागची दृष्टी नयी तालीमच्या जवळची होती. याच प्रकल्पाच्या निमित्ताने १९८९ चा ‘सिमसिटी’ हा नगररचनेचा खेळ २००८ मध्ये ‘मायक्रोपोलिस’ या नावाने मुक्त परवान्याखाली आला.

दुसरा मार्ग दुभाष्याचा. १९९३ मध्ये आरंभलेला ‘वाइन’ हा प्रकल्प विंडोजच्या मागण्यांना लिनक्सकडून उत्तर देववितो. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती निघण्यास २००८ साल उजाडले. तोवर, आणि त्यानंतरही बराच काळ, खेळाडूला प्रत्येक खेळासाठी स्वतः खटपट करावी लागे. या कामी मोठे भांडवल आले ते मुक्तीच्या ध्येयाने नव्हे, तर व्यापारी धास्तीने. विंडोजच्या आठव्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने आपलेच दुकान थाटले, तेव्हा ‘स्टीम’ या विक्रीमंचाच्या व्हॉल्व्ह कंपनीस आपले स्थान डळमळीत वाटू लागले. २०१३ मध्ये स्टीम लिनक्सवर आले. २०१५ ची ‘स्टीम मशीन’ यंत्रे फसली. परंतु २०१६ मध्ये ‘व्हल्कन’ हे खुले चित्रमानक निघाले, त्यावर ‘डी.एक्स.व्ही.के.’ हे भाषांतरसाधन उभे राहिले, आणि वाइनशी त्याची जोड घालून ऑगस्ट २०१८ मध्ये ‘प्रोटॉन’ प्रसिद्ध झाले. फेब्रुवारी २०२२ मधील ‘स्टीम डेक’ या हातातील यंत्राने ते सामान्य खेळाडूपर्यंत पोहोचविले. आता खेळणाऱ्यास आत दुभाषा आहे याची जाणीवही होत नाही. मात्र या यशामुळे लिनक्ससाठी स्वतंत्र आवृत्ती काढण्याची निकडच उरली नाही. प्रोटॉनची संहिता बव्हंशी खुली असली, तरी खेळ विंडोजचा आणि दुकान खासगी मालकीचे, ही स्थिती कायम राहिली.

राहिलेली अडचण तांत्रिक कमी आणि विश्वासाची अधिक आहे. अनेकांनी मिळून खेळावयाच्या स्पर्धात्मक खेळांत लबाडी पकडणारी साधने खेळाडूच्या संगणकावर पहारा ठेवतात. लिनक्सवर मात्र गाभाही मालकाला बदलता येतो. म्हणून पहारेकरीच फसविला जाईल, अशी कंपन्यांना शंका येते. २०२१ मध्ये दोन प्रमुख साधनांनी प्रोटॉनसाठी सोय केली; परंतु ती स्वीकारणे खेळाच्या निर्मात्यांच्या मर्जीवर ठेवले. ‘फोर्टनाइट’ने ती स्वीकारली नाही. ‘लीग ऑफ लेजेंड्स’ने २०२४ मध्ये गाभ्यापर्यंत पोहोचणारा पहारा बसविला आणि वाइनमधून चालणारा तो खेळ लिनक्सवर बंद झाला. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबर रोजी ‘एपेक्स लेजेंड्स’चे दारही मिटले. तोपर्यंत तो स्टीम डेकवर चालत होता. यंत्रात काहीही बिघडले नव्हते.