विमानाची खिडकी आणि १३वा नियम

खोडाळ्याच्या शाळेत नकाशा शिकवताना वैतरणेचे खोरे वरून कसे दिसते, हे दाखवायला विमानातून काढलेला फोटो फार उपयोगी. पण १९३७च्या विमान नियमांतील १३व्या नियमाने परवानगीशिवाय असा फोटो काढायला मनाई केली. त्यात वेडगळ काही नव्हते. पहिल्या महायुद्धात हवाई छायाचित्रांवरून शत्रूचे खंदक हुडकले जात. प्रवाशांना आसनावरून फोटो काढण्याची मुभा मिळाली ती २००४मध्ये, तीही पुण्याच्या लोहगावसारखे हवाई दलाचे तळ वगळून. पुढच्याच वर्षी ‘गूगल अर्थ’ आले आणि तेच खोरे कोणालाही घरबसल्या दिसू लागले! वर्गासाठी आम्हांला मात्र खिडकीतला तिरपा फोटोच बरा वाटतो. त्यात डोंगरांचे चढउतार मुलांना चटकन उमजतात. सरळ वरून घेतलेल्या चित्रात ते सपाट होऊन जातात.