हातातला कॅमेरा आणि न टिपलेला आषाढ

आमच्या आईवडिलांच्या पिढीने जपलेले जे आल्बम आम्ही पाहिले, त्यांत एक ऋतू जवळजवळ नाही. मे महिन्यातले महाबळेश्वर आहे, दिवाळीच्या सुटीतली लेणी आहेत, डिसेंबरच्या उन्हात डोळे किलकिले करून उभी असलेली सहलीची मुले आहेत; पण आषाढ नाही. चार महिने घर, शेत आणि बोलणे व्यापून टाकणारा पाऊस या काळ्यापांढऱ्या पानांपर्यंत पोचलेलाच नाही. कॅमेरा भिजू नये म्हणून कपाटात ठेवला जाई, हे त्याचे सोपे उत्तर. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. निसर्गाच्या छायाचित्रणात ऋतू हा विषयच मुळी उशिरा आणि अडखळत आला. त्याला रसायन जितके कारणीभूत होते, तितकीच एक वृत्तीही.

आधी रसायनाविषयी. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती 1854 साली, डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी एक. त्या सुमारास कलोडियनची ओली काच वापरात येत होती. काचेवर द्रव ओतायचा, ती ओली आहे तोवर चित्र घ्यायचे आणि लगेच अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायचे, असा तो खटाटोप. सॅम्युएल बोर्नने 1863 ते 1866 या काळात हिमालयाच्या तीन मोहिमा केल्या, त्या काचा, रसायने आणि तंबू वाहणाऱ्या हमालांच्या तांड्यासह. तीच दरी पुढच्या महिन्यात पुन्हा येऊन पाहू, ही चैन अशा प्रवाशाला परवडणारी नव्हती.

शिवाय त्या काचेची दृष्टीही सदोष होती. निळा प्रकाश तिला फार दिसे, हिरवा कमी आणि तांबडा जवळजवळ नाहीच. परिणामी झाडी काळपट पडे आणि तिच्या मानाने निळे आकाश फार लवकर पांढरेफटक होऊन जाई. त्यातले ढग त्या पांढऱ्यात बुडून जात. गुस्ताव्ह ल ग्रेने 1850 च्या दशकात समुद्राची एक काच आणि आकाशाची दुसरी असा जोड देऊन काही चित्रे सिद्ध केली, ती याच अडचणीतून. 1873 मध्ये फोगेलने विशिष्ट रंगद्रव्ये मिसळून काचेला हिरवाही दिसू शकतो हे दाखवले. सर्व रंगांना दाद देणाऱ्या काचा बाजारात यायला 1906 साल उजाडले. ढग निसटतात आणि हिरवे काळवंडते अशा डोळ्याला श्रावण कसा दिसावा? एकोणिसाव्या शतकातल्या कितीतरी निसर्गचित्रांत स्थळ अचूक असते, पण महिना सांगता येत नाही.

मग 1888 साली ईस्टमनचा कोडॅक आला. किंमत पंचवीस डॉलर, आत शंभर चित्रांची फिल्म. ती संपली की कॅमेराच कारखान्यात धाडायचा. 1900 मध्ये एका डॉलरचा ब्राउनी आला आणि कॅमेरा मुलांच्याही हाती गेला. कॅमेरा हातात आल्याने ऋतू टिपणे सोपे व्हायला हवे होते. झाले उलटेच. या पेटीकॅमेऱ्यांना भरपूर ऊन लागे. सूर्य पाठीशी घ्यावा, हा त्यांच्यासोबतचा ठरलेला उपदेश. हलका कॅमेरा म्हणजे घाईचा कॅमेरा, सुटीचा कॅमेरा, असे समीकरण रूढ झाले. आमच्या आल्बमांतला न टिपलेला पावसाळा हा त्या उपदेशाचा दूरचा वारस आहे.

हे समीकरण ज्याने मोडले त्या आल्फ्रेड स्टीग्लिट्झचाही हातातल्या कॅमेऱ्यावर आरंभी विश्वास नव्हता. 22 फेब्रुवारी 1893 रोजी न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर हिमवादळात उसना घेतलेला छोटा कॅमेरा धरून तो सुमारे तीन तास उभा राहिला आणि बर्फातून वाट काढत येणारी घोडागाडी त्याने टिपली. चार वर्षांनी, 1897 मध्ये, त्याने हातातल्या कॅमेऱ्याची कैफियत मांडणारा लेख लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: जागा आधी निवडा, तिथल्या रेषा आणि उजेड नीट न्याहाळा आणि मग सारे काही जुळून येईपर्यंत थांबा. जे यंत्र घाईसाठी विकले जात होते, त्यावर त्याने प्रतीक्षेची विद्या उभारली. त्या चित्राची अंतिम प्रतही मूळ काचेचा काही भागच घेऊन केलेली आहे. बटण दाबले की काम संपले, हे त्याला मान्य नव्हते, याचा याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

स्टीग्लिट्झ स्वतःला अभिमानाने हौशी म्हणवून घेई. अर्थात लोकरीच्या व्यापारात कमावलेल्या वडिलांचा आधार पाठीशी असताना हौस परवडते, हेही येथे नमूद करायला हवे. 'अ‍ॅमॅच्युअर' या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधले 'प्रेम करणे' हे क्रियापद आहे. मराठीत 'हौशी' म्हणताना मात्र आपल्या स्वरात किंचित उपहास येतो. असो. धंदेवाईक छायाचित्रकार मागणी असेल तिथे जातो. त्याच जागी पुन्हा पुन्हा परतण्याची मुभा हौशी माणसाला असते, आणि ऋतू दिसायला परतणे लागते.

म्हणूनच आम्हांला येथे दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' (1956) आठवते. वर्गात निसर्गवर्णनाची थोरवी सांगताना 'छायाचित्रासारखे हुबेहूब' असे आम्हीही बोलून गेलो आहोत, आणि ते दोन्ही कलांवर अन्याय करणारे आहे. त्या पुस्तकाचे सामर्थ्य हुबेहूबपणात नाही. महिन्यामागून महिना पाहत राहिल्यामुळे कालच्या झाडाशी आजचे झाड ताडून बघण्याची जी दृष्टी लेखिकेला लाभली, तिच्यात ते आहे. असे पाहणे एका चित्रात मावत नाही. त्याला माळ लागते.

स्टीग्लिट्झने अशी माळ गुंफली ती उतारवयात. लेक जॉर्ज या सरोवराकाठी त्याच्या कुटुंबाचे घर होते आणि उन्हाळा ते शरद तो तिथे राहत असे. 1922 पासून त्याने तिथले ढग टिपायला सुरुवात केली, प्रथम मोठ्या कॅमेऱ्याने आणि पुढे हातात धरता येणाऱ्या ग्राफ्लेक्सने. अशी दोनशेहून अधिक चित्रे त्याने केली, पुष्कळशी तळहाताएवढी. 1923 साली लंडनच्या एका हौशी छायाचित्रकारांच्या नियतकालिकात त्याने या ढगांची कुळकथा लिहिली. तरुणपणी स्वित्झर्लंडमध्ये नव्या काचा पारखत असतानाच ढगांनी त्याला ओढ लावली होती आणि तेव्हा ते टिपणे जवळजवळ अशक्य होते, असे तो सांगतो. पस्तीस वर्षे मागे राहिलेला विषय त्याने पुन्हा हाती घेतला होता.

या चित्रांना त्याने पुढे 'इक्विव्हॅलन्ट्स' म्हटले, म्हणजे मनःस्थितीचे समतुल्य. त्यांतल्या बहुतेकांत क्षितिज नाही, झाड नाही, खाली-वर कळण्याचीही सोय नाही. जुन्या काचेवर ढगांवाचूनचे स्थळ उरे. येथे स्थळावाचूनचे ढग उरले आहेत. ते ऑगस्टचे की ऑक्टोबरचे, हे चित्र पाहून आम्हांला कधीच ओळखता आलेले नाही.